वीस मिलिमीटरचं भोक

कापूरबावडीहून गायमुखाकडे निघालं की घोडबंदर रोडवर आता टॉवर आणि मेट्रोचे खांबच नजरेत भरतात. ठाण्याचे जुने कारखाने एकेक करून गेले, त्या जमिनींवर घरं झाली. तरी मानपाडा, कोलशेत भागात आतल्या बाजूला शिरलं, की लेथचा आवाज आणि कूलंटचा वास येणारे गाळे भेटतात. तिथलं एक छोटं हत्यार म्हणजे प्लग गेज.

हा कडक केलेल्या स्टीलचा दंडगोल. एक टोक ‘गो’चं, दुसरं ‘नो-गो’चं. ड्रॉइंगवर २० एच७ लिहिलं असेल, तर भोक २०.००० ते २०.०२१ मिलिमीटर यांच्या मधलंच हवं. जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला तुकडा, पुसायचा, भोकाच्या कडेची बर काढायची आणि गेज लावायचं. गोचं टोक जोर न लावता आत सरकलं पाहिजे, नो-गोचं लाल खुणेचं टोक तोंडाशीच अडलं पाहिजे. नो-गो आत गेलं तर मशीन बंद. मागच्या तपासणीनंतर निघालेले सगळे पीस बाजूला काढून पुन्हा मोजायचे. नापास झालेले लाल पेटीत.

इथं कुणाला काही नवं सुचावं अशी अपेक्षाच नसते. आधी ड्रिल, मग भोक नेमक्या मापाला आणणारा रीमर. रीमरला वेग ड्रिलच्या साधारण निम्मा. बाहेर काढतानाही तो उलटा फिरवायचा नाही, धार जाते. वेळ वाचवायला कुणी वेग वाढवला तर भोक मोठं होतं, आतून खरखरीत येतं. सुचलेली सुधारणा चांगली असेलही; पण ती आधी ड्रॉइंगच्या किंवा प्रोसेस शीटच्या नव्या रिव्हिजनमध्ये यावी लागते. मे महिन्याच्या उकाड्यात तर जॉबसुद्धा फसवतो. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात आणि १०० मिलिमीटरचा स्टीलचा तुकडा ३५ अंशांवर सुमारे १७ मायक्रॉन वाढतो. म्हणून मशीनवरून गरम उतरलेला जॉब थंड होऊ देणारा कामगार मला फार मोलाचा वाटतो. त्याला घाई करता येत असते, तो करत नाही.

या स्वभावाची किंमत आपण कमी लावतो. शाळेपासून ‘काहीतरी वेगळं कर’ हाच घोष चालतो. पण अभियंता जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ मध्ये आट्यांचं एकच प्रमाण मांडलं, त्यामागे कुठलाही नट कुठल्याही बोल्टवर बसावा हीच धडपड होती. ती इच्छा रोज पुरी करतात ती शंभरावा पीस पहिल्यासारखाच काढणारी माणसं. ब्रेकचा, पंपाचा, लिफ्टचा भाग घ्या; तो बनवणाऱ्यानं त्या दिवशी स्वतःचं डोकं चालवलं नाही, यावर आपला जीव टांगलेला असतो.

अशा स्वभावाच्या मुलामुलींसाठी वाट आहे. एमआयडीसीची सुरुवात १९६२ मध्ये ज्या वागळे इस्टेटमधून झाली, तिथंच आयटीआय आहे. टर्नर, फिटरचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे. पुढे शिकाऊ उमेदवारांसाठीच्या १९६१ च्या कायद्याखाली विद्यावेतनावर उमेदवारी करता येते. दहावीनंतर फॉर्म भरताना पालकांनी ‘एवढंच का?’ असं विचारू नये. शिस्त अंगात मुरलेला ऑपरेटर हात बसला की सेटर होतो किंवा इन्स्पेक्शनला जातो. मग सकाळच्या पाळीचा पहिला पीस त्याच्यापुढे येतो आणि त्याची सही झाल्याशिवाय पुढचा जॉब चकला लागत नाही.