घराची नाडी ओळखणारा कारागीर

देवासमध्ये थोरल्या पातीच्या बाजूला जा किंवा धाकट्या पातीच्या, नाहीतर धारच्या जुन्या वस्तीत फिरा. हल्ली गच्च्यांवर सौर पॅनल दिसू लागली आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचं उद्दिष्ट १ कोटी घरांचं आहे. ३ किलोवॉटच्या संचाला केंद्राकडून ७८,००० रुपये अनुदान मिळतं. योजना आहे, सामान आहे. मला प्रश्न पडतो तो जाणकार माणसांचा.

आपली जुनी घरं एका साच्याची नाहीत. पुढे जाड भिंतींचा वाडा, मागे नंतर चढवलेली स्लॅब किंवा पत्रा. वाड्यातली खोली मे महिन्यातही त्यातल्या त्यात गार, तर स्लॅबखालची रात्रीही तापलेली. अशा घरात आधी काय करायचं, हे ओळखणं हीच खरी विद्या.

साधा हिशेब बघा. जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो, बीएलडीसी पंखा सुमारे ३०. असे ४ पंखे रोज १२ तास चालले, तर महिन्याला जवळपास ६५ युनिट वाचतात. अर्ध्या किलोवॉटची पॅनल साधारण तेवढीच वीज देतात! म्हणून चांगला कारागीर आधी पंखे, गच्चीचा पांढरा लेप, वायरिंग आणि अर्थिंग बघतो. शेजारच्या इमारतीची सावली कुठवर येते ते पाहतो. मगच किती किलोवॉट लागतील ते सांगतो.

हे शिकता येतं. गुरुग्रामच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेच्या पुढाकाराने २०१५ पासून 'सूर्यमित्र' प्रशिक्षण सुरू झालं. ६०० तासांचं, दहावीनंतर आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन, वायरमन झालेल्यांसाठी. त्याला जुन्या घरांची पारख जोडली, की गावातच राहून करण्यासारखा व्यवसाय तयार होतो.

"हे मुलींचं काम नाही," असंही ऐकू येतं. इंदूरच्या बरली संस्थेत आदिवासी भागातल्या मुली कित्येक वर्षं सूर्यचुली हाताळायला शिकत आल्या आहेत.

अडचण आपल्या घरांत आहे. इंजिनियर मुलगा पुण्या-बंगळूरला गेला की आपण पेढे वाटतो. 'आयटीआय' म्हणताना आवाज खाली येतो. स्थळ बघताना 'वायरमन' ऐकून आपण पुढचं विचारतच नाही. मित्रमैत्रिणींनो, आईवडिलांच्या घराचं वीजबिल निम्म्यावर आणणाऱ्या माणसाला आपण खुर्ची देऊन चहा विचारतो का? तेवढी सुरुवात तरी करूया.