घन की धन? : विषाणूच्या पोथीतले पाठभेद
(लेखांक 6)

गेल्या आठवड्यात एचआयव्ही पांढऱ्या पेशीत कसा शिरतो ते पाहिले. आत गेल्यावर तो करतो एकच काम : स्वतःची नक्कल. ते समजून घ्यायला आधी आपल्या हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीला जाऊ.

नरसी म्हणजे संत नामदेवांचे गाव. छापखाने नव्हते तेव्हा अभंग हाताने उतरवले जात. समजा, दिव्याच्या उजेडात एखाद्या लेखनिकाने ‘घन’चे ‘धन’ केले. त्याच्या वहीवरून पुढे ज्यांनी नकला केल्या, त्या सगळ्यांकडे मेघाची संपत्ती झाली. पुढे अभ्यासक जुन्या पोथ्या शेजारी-शेजारी मांडतो. ज्या दोघींत ‘धन’ सापडते त्या एकाच घराण्यातल्या, हे त्याला कळते. चुकीवरून नाते ओळखायचे, असा हा प्रकार.

एचआयव्हीचे घराणेही असेच शोधतात. त्याची पोथी जेमतेम 9,700 अक्षरांची, तीही चारच अक्षरांच्या लिपीतली. ती उतरवून घेणारा लेखनिक म्हणजे रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचे विकर. हात चपळ, पण लिहिलेले पुन्हा वाचायची सवय नाही. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ एकनाथ महाराजांनी 1584 मध्ये दुरुस्त केले. आपल्या पेशीही स्वतःचा डीएनए उतरवताना चुका तपासत जातात. विषाणूच्या लेखनिकामागे असे शोधन करणारे कोणी नाही. उपचार सुरू नसलेल्या माणसाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. म्हणजे पोथीतल्या जवळजवळ प्रत्येक अक्षराची चूक दर दिवशी कुठे ना कुठे होतेच.

या चुका साचत जाऊन एचआयव्ही-1 मध्ये ए, बी, सी, डी अशी घराणी पडली. त्यांना उपप्रकार म्हणतात. युरोप-अमेरिकेत प्रामुख्याने बी आढळतो आणि सुरुवातीची बरीचशी औषधे त्याच्यावरच पारखली गेली. भारतात मात्र दहातले नऊहून अधिक विषाणू सी घराण्यातले. जगातल्या जवळपास निम्म्या रुग्णांतही सीच आहे. सुदैवाने आजची औषधे त्याच्यावरही तितकीच लागू पडतात.

घराणी एकमेकांत मिसळतातही. एकाच पेशीत दोन घराण्यांचे विषाणू शिरले की लेखनिक अर्धे पान या पोथीतून आणि अर्धे त्या पोथीतून उतरवतो. पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आणि अमेरिकेतले जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ इथल्या शास्त्रज्ञांनी 1999 मध्ये भारतीय रुग्णांतल्या सहा विषाणूंची जवळजवळ अख्खी पोथी वाचून प्रसिद्ध केली. त्यातले पाच शुद्ध सी निघाले, तर सहावा ए आणि सी यांची सरमिसळ. पान नेमके कुठे बदलते हे दाखवणारी ‘सिमप्लॉट’ ही संगणक-प्रणाली त्याच कामात पुढे आली. पुढे करोना विषाणूचा वंश शोधतानाही शास्त्रज्ञांनी ती वापरली.

एक घराणे मात्र खरोखर वेगळे आहे, एचआयव्ही-2. मूळ पश्चिम आफ्रिकेतले. आपल्याकडे 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला ते मुंबईत सापडले. त्याचा आजार संथ चालतो, पण नेव्हिरॅपिन आणि इफाव्हिरेन्झ ही जुनी औषधे त्याच्यावर मुळीच चालत नाहीत. म्हणून तपासणीत ‘एक की दोन’ हे पाहणे उपचारासाठी गरजेचे असते.

आता गोळीकडे वळू. नेव्हिरॅपिनला निकामी करायला एका अक्षराची चूक पुरते, आणि तशी चूक तर रोजच होते. म्हणून 1996 पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रुळली. एकाच नकलेत तिन्ही औषधांना चुकवणाऱ्या चुका एकदम जुळून येणे जवळपास अशक्य. आज सरकारी एआरटी केंद्रात मिळणाऱ्या एकाच गोळीत टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डॉल्युटेग्राव्हिर ही तीन औषधे असतात. डॉल्युटेग्राव्हिरला चकवणे विषाणूला विशेष जड जाते.

पण हे गणित गोळी रोज पोटात गेली तरच जुळते. आपल्याकडे दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेल्या टोळ्या ऊसतोडीला निघतात. बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढते आणि घरची माणसे विचारतील या धास्तीने गोळ्यांची डबी मागे राहते. रक्तातले औषध उतरू लागते, पण पुरते संपलेले नसते. साध्या नकला तेवढ्यानेही दबतात. अर्धवट औषधाला पुरून उरणारी चुकीची नक्कल मात्र वाढते आणि पुढे तिचीच पोथी होते. मग जुनी गोळी घेऊनही ‘व्हायरल लोड’, म्हणजे रक्तातले विषाणूचे प्रमाण, खाली येत नाही.

म्हणून निघण्याआधी केंद्रात सांगायचे, ‘चार-पाच महिने गावात नाही.’ जास्त दिवसांच्या गोळ्या मागायच्या किंवा कारखान्याजवळच्या केंद्रात नाव हलवून घ्यायचे. अडचण आली तर 1097 या मोफत क्रमांकावर विचारता येते. आजार गुप्त ठेवण्याचा हक्क 2017 च्या कायद्याने दिलेला आहे.

पुढच्या आठवड्यात : इतक्या पाठभेदांमुळे एचआयव्हीची लस का अडली?