छप्पर थंडच हवं

अमेरिकेतल्या मिनेसोटात ऐन जानेवारीत छतातून पाणी ठिबकू लागतं. बाहेर पावसाचा थेंब नसतो, पारा शून्याच्या कितीतरी खाली असतो. अशा वेळी बहुतेक जण छप्पर बदलणाऱ्याला फोन करतात. मिनिआपोलिसजवळ राहणाऱ्या आमच्या एका मराठी स्नेह्यांनी मात्र आधी माळा तपासणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याच्या मागोमाग मीही शिडी चढलो.

माळ्याचं चौकोनी झाकण कपड्यांच्या कपाटात होतं. ते सरकवताच घरातली ऊबदार हवा आमच्या अंगावरून सरसर वर गेली. वर वाकूनच वावरावं लागतं आणि पाय ठेवायचा तो तुळईवरच, कारण दोन तुळयांच्या मध्ये पाऊल पडलं तर ते खालच्या बेडरूमचं छत फोडून बाहेर येतं. मिस्त्रीने बॅटरी छपराकडे वळवली. शिंगल्सचे खिळे प्लायवूडमधून आत आले होते आणि प्रत्येकाच्या टोकावर पांढऱ्या हिमाचा गोंडा धरला होता. उत्तरेकडच्या पाख्यावर हिवाळ्यात ऊन नीट पोचत नाही. तिथे लाकूडच पांढरं झालं होतं. ऊन तापलं, माळा शून्याच्या वर गेला, की हे हिम वितळून खाली टपटपतं आणि छतावर पिवळट डाग उमटतो. शिंगल्स शाबूत असतात, कारण ते पाणी बाहेरचं नसतंच.

एक घनमीटर हवेत २१ अंश सेल्सिअसला साधारण १८ ग्रॅम बाष्प मावतं, उणे २० अंशांना जेमतेम एक ग्रॅम. आपल्या घरांत भाताचा कुकर, उकळता चहा, कढत पाण्याची अंघोळ आणि दोरीवर वाळणारे कपडे असतातच. ही दमट हवा छतातल्या फटींमधून वर गेली की बाष्प पहिल्या थंड वस्तूवर गोठतं. लोखंडी खिळा तर बाहेरची थंडी थेट आत घेऊन येतो.

फटी शोधायची त्या मिस्त्रीची पद्धत मला फार आवडली. फायबरग्लासच्या गुलाबी थरात मधूनमधून काळपट डाग होते. त्याने एक डाग उचलला, तर खाली वायर जाण्यासाठी पाडलेलं भोक निघालं. वर्षानुवर्षं तिथून हवा वर जात होती आणि तिच्यातली धूळ फायबरग्लासमध्ये गाळली जात होती. काळा डाग दिसला की तो उचलायचा, खाली फट सापडतेच. लहान फटीत त्याने फोम भरला. भट्टीच्या तापणाऱ्या धुराड्याभोवती मात्र पत्रा ठोकून आग सोसणारं सीलंट लावलं, कारण तिथे साधा फोम चालत नाही. बाथरूमच्या पंख्याची नळी माळ्यातच मोकळी सोडलेली होती. हिमाचा सर्वांत जाड थर नेमका तिच्या वर होता. ती नळी छपराबाहेर काढून तिच्यावर इन्सुलेशन गुंडाळलं.

मग तो वळचणीकडे पोटावर सरपटत गेला. तिथे इन्सुलेशन पार टोकापर्यंत कोंबलेलं होतं, त्यामुळे वळचणीच्या जाळीतून हवा आत यायला वाटच नव्हती. ते मागे ओढून त्याने प्रत्येक दोन वाशांच्या मध्ये एक पन्हळी पट्टी बसवली. तिच्यामुळे छपराच्या लाकडाखाली हवेसाठी अरुंद मार्ग कायम मोकळा राहतो. कोकणातल्या कौलारू घरात चुलीचा धूर नि वाफ कौलांच्या फटींतून आपसूक निघून जाते. प्लायवूड, कागद आणि शिंगल्स यांनी गच्च बंद केलेल्या छपरात ती वाट मुद्दाम ठेवावी लागते.

किती ठेवायची याचा हिशेब सोपा आहे. सर्वसाधारण नियम माळ्याच्या क्षेत्रफळाच्या तीनशेव्या भागाचा. १२०० चौरस फुटांच्या माळ्याला ४ चौरस फूट निव्वळ मोकळी जागा लागते, त्यातली साधारण निम्मी वळचणीला आणि निम्मी आढ्याजवळ. थंड हवा खालून शिरते आणि ओल घेऊन वरून निघून जाते.

छप्पर असं सगळीकडे सारखं थंड राहिलं की बर्फाचा बांधही सहसा धरत नाही. आतून तापलेल्या छपरावरचा बर्फ वितळतो, पाणी घरंगळत थंड वळचणीला येऊन पुन्हा गोठतं आणि मागचं पाणी शिंगल्सखाली शिरतं. पन्हळीला लोंबणारे ते लांबलचक बर्फाचे सुळे फोटोत देखणे दिसतात, पण घराची ऊब छपरातून वाया जात असल्याची ती खूण असते.

थंडी पडली की वळचणीच्या जाळ्या बुजवून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांनी तसं करू नये. ऊब अडवायची ती छताशी: फटी बुजवून आणि त्यावर पुरेसं इन्सुलेशन घालून. मिनेसोटासारख्या हवामानात सेल्युलोजचा किमान १४ इंचांचा थर हवा. क्रम मात्र हाच ठेवा, आधी फटी, मग इन्सुलेशन. फटी तशाच ठेवून आढ्याला विजेचा पंखा बसवला, तर तो घरातलीच गरम हवा वर ओढतो.

थंड प्रदेशात घर घेणार असाल तर बेसमेंट पाहता तसं माळ्याचं झाकणही उघडायला लावा, आणि बाथरूमच्या पंख्याची नळी कुठे संपते ते स्वतः पाहा.