शंभर व्होल्टची लाईन आणि कानावरचे तीनशे ओहम

पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत बरीच वस्ती गावठाणात एकवटलेली नाही. घोड आणि भीमेच्या काठांनी, कालव्यांच्या कडेने, उसाच्या फडांमधून ती विखुरलेली आहे. त्यामुळे ग्रामपंचायतीची सूचना, अखंड हरिनाम सप्ताहातील कीर्तन, धरणातून नदीत पाणी सोडल्याचा इशारा किंवा बिबट्या दिसल्याची वार्ता सर्वांच्या कानी एकाच वेळी घालायची, तर मंदिराच्या शिखराशी एक मोठा भोंगा बांधून भागत नाही. एका खोलीत अ‍ॅम्प्लिफायर आणि तेथून दोनशे, तीनशे, पाचशे मीटरांवर विजेच्या खांबांना, पाण्याच्या टाकीला किंवा शाळेच्या गच्चीला बांधलेले भोंगे, अशी मांडणी करावी लागते. हा अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे मायक्रोफोनमधून आलेला क्षीण विद्युत्संदेश भोंगा हलवू शकेल इतका मोठा करणारे यंत्र, विकत घेताना दुकानात बहुधा पहिला प्रश्न पडतो तो किती वॅटचा, हा. वास्तविक तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न यंत्राच्या दुसऱ्या टोकाला कोणता भार लागणार आहे आणि तो किती व्होल्ट मागणार आहे, हा असायला हवा.

भोंग्याच्या मागे जे युनिट आवळलेले असते त्यात चुंबक, तारेचे बारीक वेटोळे आणि त्याला चिकटलेला पातळ पडदा असतो. बदलत्या विद्युत्प्रवाहाला हे वेटोळे एकूण जो अडथळा करते त्याला शास्त्रीय परिभाषेत संरोध म्हणतात, आणि साऊंडवाल्यांच्या बोलण्यात तेच ‘इम्पीडन्स’ किंवा नुसते ‘ओहम’ असते. नुसत्या तारेच्या रोधाहून संरोध वेगळा असतो, कारण वेटोळ्याचे चुंबकीय गुण आणि पडद्याची हालचाल यांचाही त्यात वाटा असतो आणि स्वराच्या उंचीनुसार तो कमीजास्त होतो; म्हणून युनिटवर छापलेले 16 ओहम हे एक सोयीचे, ढोबळ मूल्य समजावे. मल्टिमीटरची टोके लावली तर असे युनिट 16 पेक्षा काही ओहम कमीच दाखवते, कारण तो मीटर केवळ तारेचा रोध मोजतो.

16 ओहमचा भोंगा लांब नेला की काय होते, ते साध्या हिशोबाने दिसते. 1 चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या तारेला दर मीटरमागे सुमारे 0.0175 ओहम रोध असतो. 300 मीटरवरच्या भोंग्यापर्यंत जाऊन-येऊन 600 मीटर तार लागते आणि तिचा रोध साडेदहा ओहम भरतो. आता अ‍ॅम्प्लिफायरसमोर 16 ओहमचा भोंगा उरत नाही, साडेसव्वीस ओहमची जोडी उभी राहते. तारेविना त्या भोंग्याला जी शक्ती मिळाली असती तिच्या जेमतेम 36 टक्के शक्ती त्याच्यापर्यंत पोहोचते, आणि यंत्र जे काही देते त्यातले 40 टक्के तार तापवण्यात जाते. जाड तार घालणे हा उपाय आहे, पण तांब्याचा भाव पाहता तो गावाला परवडणारा नाही.

या अडचणीवरचे उत्तर शेताच्या बांधावर उभेच असते. महावितरणची वाहिनी 11,000 व्होल्टने येते आणि पंपाजवळच्या रोहित्रात तो दाब उतरवला जातो, कारण दाब वाढवला की तीच शक्ती नेण्यासाठी प्रवाह कमी लागतो आणि तारेतील नुकसान प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. ध्वनीच्या बाबतीत हेच काम 100 व्होल्टची लाईन करते. अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण शक्तीवर असताना या लाईनवर 100 व्होल्ट असावेत असा संकेत आहे, आणि प्रत्येक भोंग्यापाशी लाईन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर, म्हणजे लहानसे रोहित्र, बसवून तो दाब युनिटला सोसेल इतका उतरवला जातो. त्या रोहित्राला 5, 10, 15, 30 वॅट अशी निरनिराळी टोके असतात, त्यांना टॅपिंग म्हणतात. 15 वॅटच्या टोकाला जोडलेला भोंगा लाईनच्या बाजूने पाहिला तर 667 ओहमचा दिसतो. मग त्याच 300 मीटर तारेचे साडेदहा ओहम नगण्य ठरतात आणि शक्तीतील घट 3 टक्क्यांच्या आसपास राहते.

यंत्र निवडण्याचे काम म्हणूनच दुकानात सुरू होत नाही, ते पायी सुरू होते. कोणता भोंगा कोणत्या वस्तीकडे तोंड करील, वारा कोठून येतो, मध्ये ऊस उभा आहे की मोकळे रान आहे, हे पाहून प्रत्येक भोंग्याचे टॅपिंग ठरवायचे आणि मग केवळ बेरीज करायची. समजा, मंदिर आणि चावडीजवळचे चार भोंगे प्रत्येकी 10 वॅटवर, शाळेकडचे दोन 15 वर आणि ओढ्यापलीकडच्या वस्त्यांकडे तोंड केलेले दोन 30 वर ठेवले, तर बेरीज 130 वॅट होते. तीत पाचवा हिस्सा राखीव मिळवला की 156 भरतात आणि 160 वॅटचे यंत्र पुरते. ते यंत्र 100 व्होल्टच्या टोकावर साडेबासष्ट ओहमपर्यंतचा भार सोसते, आणि 130 वॅटची ही लाईन सुमारे 77 ओहमची असते. जोडणी झाल्यावर यंत्र चालू करण्यापूर्वी इम्पीडन्स मीटरने हा आकडा तपासणे, ही अनेकदा टाळली जाणारी पण सगळ्यांत मोलाची पायरी होय. येथे मल्टिमीटर तर पूर्णच फसवतो: तो रोहित्राच्या तारेचा काही ओहमांचा रोध दाखवतो आणि लाईनमध्ये शॉर्ट असल्याचा खोटा संशय निर्माण करतो.

अशा कामासाठीच्या अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीमागे, ते आहुजाचे असो की दुसऱ्या कोणाचे, सामायिक टोकाशेजारी 4, 8 व 16 ओहमची आणि 70 व 100 व्होल्टची टोके ओळीने असतात, आणि बहुतेक यंत्रे या ओळीतच मरतात. रोहित्र नसलेला 16 ओहमचा भोंगा चुकून 100 व्होल्टच्या टोकाला लागला, तर तो एकटाच 625 वॅट मागतो. उलट, रोहित्रवाला 15 वॅटचा भोंगा 160 वॅटच्या यंत्राच्या 4 ओहमच्या टोकाला लावला, तर तेथे पूर्ण शक्तीलाही सव्वापंचवीस व्होल्टच असतात, म्हणून तो 1 वॅटसुद्धा घेत नाही आणि कुजबुजत राहतो. या दुसऱ्या प्रकारात काही जळत नसल्याने दोष यंत्राला दिला जातो आणि त्याहून मोठे यंत्र आणले जाते.

मोठ्या यंत्राचा हा मोह आणखी एका कारणाने व्यर्थ आहे. शक्ती दुप्पट केली की ध्वनिपातळी केवळ 3 डेसिबलने वाढते, तर भोंग्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की मोकळ्या जागेत ती 6 डेसिबलने उतरते. म्हणजे 125 वॅटच्या जागी 250 वॅट आणून जे मिळते त्याहून एक भोंगा वस्तीच्या जवळ सरकवून अधिक मिळते. शिवाय 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे आणि रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद ठेवायचे आहेत. दौंडसारख्या जंक्शनच्या लांब फलाटावर एकच कर्णा लावण्याऐवजी थोड्या थोड्या अंतरावर कमी वॅटचे अनेक स्पीकर लावणे शहाणपणाचे ठरते, ते याच तत्त्वामुळे. तेथे प्रश्न मोठेपणाचा नसून शब्द कळण्याचा आहे, आणि दूरच्या कर्ण्याचा आवाज जवळच्याच्या मागून विलंबाने आला की गाडीचा क्रमांकच विरघळून जातो.

सप्ताहात मात्र एक निराळीच अडचण उभी राहते, आणि ती पखवाजाची असते. भोंग्याची रचना मानवी बोलण्यासाठी असल्यामुळे साधारण 300 हर्ट्‌झच्या खालचे स्वर तो नीट बाहेर टाकूच शकत नाही, पण पखवाजाच्या धुमेतील मंद्र कंपने मायक्रोफोन घेतो आणि अ‍ॅम्प्लिफायर ती इमानाने लाईनवर सोडतो. रोहित्राच्या गाभ्यातील चुंबकीय भार दाबाला कंप्रतेने भागून ठरतो. 100 हर्ट्‌झला जो भार पडतो त्याच्या दुप्पट 50 हर्ट्‌झला पडतो आणि गाभा संपृक्त होतो, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईनासा होतो. त्या क्षणी 667 ओहम दिसणारा भोंगा केवळ तारेच्या रोधाइतका उरतो आणि यंत्राला शॉर्टसारखा भासतो. कीर्तन रंगात आले की आवाज फाटतो किंवा यंत्र थांबते, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. म्हणून यंत्र निवडताना त्यात मंद्र स्वर कापणारे लो-कट बटण आहे की नाही हे वॅटच्या आकड्याइतकेच बारकाईने पाहावे. भारनियमनाच्या काळासाठी किंवा यवत, वरवंडला मुक्काम करणाऱ्या तुकोबांच्या पालखीसोबतच्या वाहनासाठी 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे यंत्र हवे असेल, तर 60 वॅटला साधारण 10 अँपिअर प्रवाह धरून बॅटरी निवडावी.

भार मोठ्या ओहमचा करण्याची ही युक्ती भोंग्यांपुरतीच नाही; ती करायची ती एका तारेवर अनेकांना ऐकता यावे, किंवा थोड्या प्रवाहात काम भागावे म्हणून. रेल्वेच्या कंट्रोल टेलिफोनमध्ये एकाच जोडतारेवर ओळीने अनेक स्थानके असतात आणि प्रत्येकाचे उपकरण मुद्दाम उच्च संरोधाने जोडलेले असते, म्हणून एकाने ऐकले तरी पुढच्याचा आवाज बसत नाही. इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झाले, त्या काळातील स्फटिक-रेडिओसंचांना अ‍ॅम्प्लिफायरच नसे. अँटेनातून येणाऱ्या किंचित प्रवाहावर पडदा हलवण्यासाठी त्यांच्या हेडफोनमध्ये बारीक तारेचे हजारो वेढे घालावे लागत आणि संरोध काही हजार ओहमांवर जाई.

आजच्या 300 किंवा 600 ओहमच्या हेडफोनमध्ये वेटोळे अतिशय बारीक तारेचे असते, इतकाच त्या जुन्या घराण्याचा वारसा उरला आहे. कीर्तनाचे किंवा लोकगीताचे ध्वनिमुद्रण घरच्या संगणकावर नीट करू पाहणारा असा हेडफोन आणतो, फोनला लावतो आणि तो कुजबुजू लागतो. 4 ओहमच्या टोकाला लागलेल्या लाईनच्या भोंग्याची जी गत, तीच ही. बायरडायनॅमिकचा डीटी 880 हा हेडफोन 32, 250 आणि 600 ओहम अशा तीन रूपांत निघाला आणि तिन्हींची संवेदनक्षमता 1 मिलिवॅटला 96 डेसिबल अशी दिली जाते. संगीतातील क्षणिक शिखरांसाठी 110 डेसिबल धरले, तर तिन्हींना सारखेच 25 मिलिवॅट हवेत. पण 32 ओहमला ते 0.9 व्होल्ट आणि 28 मिलिअँपिअरमध्ये मिळतात, 250 ला अडीच व्होल्ट आणि 10 मिलिअँपिअरमध्ये, तर 600 ओहमला 3.9 व्होल्ट लागतात आणि प्रवाह मात्र साडेसहा मिलिअँपिअरच पुरतो. फोनचा सॉकेट अर्धा ते एक व्होल्ट देतो. यूएसबीच्या 5 व्होल्टवर चालणारे छोटे यंत्रही, आत दाब वाढवणारा परिपथ नसेल तर, पावणेदोन व्होल्टच्या पुढे जाऊ शकत नाही, मग खोक्यावर 32 ओहमसाठी कितीही मिलिवॅट लिहिलेले असोत.

तक्ते वाचतानाही सावध राहावे लागते. सेनहायझरच्या 2003 सालच्या एचडी 650 ची संवेदनक्षमता 103 डेसिबल लिहिलेली असते, पण ती 1 व्होल्टला आहे. 300 ओहमवर 1 व्होल्ट म्हणजे 3.3 मिलिवॅट, म्हणून मिलिवॅटच्या मापाने ती 98 च्या आसपास येते आणि 96 शी असलेला सात डेसिबलचा फरक दोनावर उतरतो. यंत्राचा स्वतःचा निर्गम संरोधही पाहावा. या हेडफोनचा संरोध मंद्र स्वरांत सुमारे 500 ओहमपर्यंत चढतो, म्हणून 120 ओहम निर्गम संरोधाच्या यंत्रावर तेथे साधारण 1 डेसिबलचा उठाव येतो. काहींना तो गोड वाटतो, पण मुद्रण तपासण्यासाठी तो खोटा आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत सहज मिळणारी एनई 5532 ही चिप धन आणि ऋण 12 व्होल्टवर चालवली तर 600 ओहमला हवा तेवढा दाब देते आणि तिचा निर्गम संरोधही क्षुल्लक असतो. तेव्हा एवढ्यासाठी महागडे यंत्र घ्यावेच असे नाही.

गावातील लाईनवर आवाज नीट जातो आहे का हे पाहण्यासाठी कोणी हेडफोन थेट 100 व्होल्टच्या टोकांना लावू नये. 300 ओहमवर 100 व्होल्ट म्हणजे 33 वॅट होतात, आणि त्यात हेडफोनच नव्हे तर कानही जाईल. त्यासाठी यंत्रावरचे लाईन-आऊट आणि त्यापुढे छोटा हेडफोन-अ‍ॅम्प्लिफायर वापरावा. लाईनवर नवे भोंगे येतच राहतात, कारण रस्ता झाला की नवी वस्ती होते. 130 वॅटच्या लाईनवर 15 वॅटचा नववा भोंगा आला की बेरीज 145 होते आणि राखीव हिस्सा निम्मा होतो. अशा वेळी नवे यंत्र आणण्याआधी शाळेकडचे दोन भोंगे 15 वरून 10 वॅटच्या टोकावर आणावेत. बेरीज 135 वर येते, आणि शाळेकडे आवाज दोन डेसिबलहूनही कमी उतरत असल्यामुळे तेथील ऐकणाऱ्यांना बहुधा ते जाणवतही नाही.