पदरावरील वाडीत पाहुणा

कर्जत स्थानकाबाहेर पडून पूर्वेकडे पाहिले म्हणजे सह्याद्रीची निळसर भिंत दृष्टीस पडते. दुरून ती सलग भासते. परंतु जवळ गेल्यावर तिच्या कमरेशी सपाट जमिनीचा एक अरुंद पट्टा पसरलेला आढळतो. डोंगरातील लोक त्यास पदर म्हणतात. भीमाशंकरच्या वाटेवरील एका वाडीचे तर नावच पदरवाडी आहे. खाली भाताची खाचरे, माथ्यावर घाटावरचा मुलूख आणि मध्ये नाचणी-वरीची वरकस जमीन, असा हा टापू आहे. त्याच्या जुन्या घाटवाटांनी आज मुंबई-पुण्याचे तरुण पाठीवर पिशव्या टाकून चढतात. शनिवारी येतात, रात्री वाडीत मुक्काम करतात आणि रविवारी सायंकाळची गाडी गाठतात.

कशेळेमार्गे आंबिवलीस गेले असता तेथून पायवाटेने साधारण दोन तासांत पेठ गाव लागते. गावाच्या डोक्यावर कोथळीगडाचा सुळका उभा आहे. सुळक्याच्या बुडाशी भैरोबाची कोरीव खांबांची गुहा आहे व माथ्यावर जाण्यास खडकाच्या पोटातून पायऱ्या खोदलेल्या आहेत. त्या पायऱ्या ज्यांनी खोदल्या त्यांच्या चिकाटीस तोड नाही. अशीच वर्दळ खांडसहून भीमाशंकरला जाणाऱ्या गणेश घाटास व शिडी घाटास असते. त्यांपैकी शिडी घाट पावसात धोक्याचा होय. कोंढाण्याची लेणी पाहून राजमाचीस चढणारेही थोडे नाहीत.

पाहुणा आला म्हणजे घरात रोख पैसा येतो, ही गोष्ट वरकस शेतीवर जगणाऱ्या कुटुंबास लहान नाही. मात्र हा पैसा खरोखर किती उरतो, याचा हिशोब फारसा कोणी करीत नाही. ताटातील भाकरीचा तांदूळ घरचा, म्हणून त्याची किंमत धरली जात नाही. आणि श्रावणात तोच तांदूळ दुकानातून विकत आणण्याची पाळी येते. सरपण रानातले, म्हणून तेही फुकट. पाण्याचे तर विचारूच नये. पंधरा जणांची तुकडी मुक्कामास आली व दर माणशी दहाच लिटर पाणी लागले, असे धरले तरी ते १५० लिटर होते. म्हणजे पंधरा लिटरचे दहा हंडे. ते बाईच्या डोक्यावरून येतात. या भागात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तथापि उतार तीव्र, मातीचा थर पातळ आणि खाली काळा कातळ असल्यामुळे पाणी मुरण्यापूर्वीच वाहून जाते व होळीनंतर अनेक वाड्यांच्या विहिरी तळ गाठतात. ज्या वाडीस स्वतःपुरते पाणी नाही तिने त्या दिवसांत मुक्कामी पाहुणा घेऊ नये. जेवणाचा दर ठरवताना तांदूळ, सरपण आणि हंडे या तिन्हींची किंमत धरणे आवश्यक आहे. दर प्रत्येक घराने वेगळा न ठेवता वाडीने मिळून ठरवावा, म्हणजे एकमेकांच्या पायात पाय अडकत नाहीत.

खरी अडचण हंगामाची आहे. पाहुण्यांचा लोंढा येतो तो जुलै महिन्यात, धबधबे पाहण्यासाठी. आणि नेमकी तीच भाताच्या आवणीची वेळ असते. घरातील सर्व माणसे चिखलात असताना चूल कोणी सांभाळावी? त्यातच नवखी माणसे बांधावरून चालतात, बांध फुटतो आणि खाचरातील पाणी निघून जाते. पावसाळ्यात धबधबे व धरणे या ठिकाणी जाण्यास प्रशासन वेळोवेळी बंदी घालते, आणि दरवर्षीचे अपघात पाहता ती योग्यच म्हटली पाहिजे.

पाहुण्यांसाठी खरा काळ मार्गशीर्षापासून माघापर्यंतचा होय. भात घरात आलेले असते, वाटा कोरड्या असतात, झऱ्यांना पाणी असते. भात निघाल्यावर जमिनीतील ओलीवर पेरलेला वाल शेंगांनी भरतो आणि पोपटीचे दिवस येतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला घालावा, वर वालाच्या शेंगा, ओवा व मीठ घालून पुन्हा पाल्याने तोंड गच्च बंद करावे आणि मडके उपडे ठेवून भोवती जाळ करावा. पाण्याचा थेंबही न घालता शेंगा शिजतात. हा पदार्थ शहरातील मनुष्यास हॉटेलात सहसा मिळत नाही आणि यजमानास त्यासाठी बाजारातून जवळजवळ काहीच आणावे लागत नाही. जाळ मात्र मोकळ्या खाचरातच करावा. गवत वाळलेले असते व एका ठिणगीने वणवा पेटू शकतो.

महाराष्ट्र शासनाने २०२० साली कृषी पर्यटन धोरण जाहीर केले. पर्यटन संचालनालयाकडे त्याची नोंदणी होते. कर्जत तालुक्यातच नेरळजवळील सगुणाबागेने शेतीवर पाहुणे आणण्याचा मार्ग त्यापूर्वीच घालून दिला होता. परंतु नोंदणीसाठी शेतजमीन नावावर असावी लागते, आणि येथेच डोंगरातील माणूस अडतो. रायगड, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात ठाकर व कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या दळी जमिनी कसत आली. त्यांतील पुष्कळांच्या हाती आजही पुरेसा कागद नाही. अशा कुटुंबाचा २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावा कोठे अडला आहे, हे पाहणे ग्रामकार्यकर्त्याचे पहिले काम ठरते. पाहुण्यांची गोष्ट त्यानंतरची. केवळ घरातील खोली द्यावयाची असल्यास निवास व न्याहारी योजनेची चौकशी करावी.

आता एका दुःखद घटनेचा उल्लेख करणे भाग आहे. खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीत इर्शाळवाडी ही ठाकरांची वाडी होती. गडावर जाणाऱ्यांची वाट तिच्या अंगणातूनच जात असे. १९ जुलै २०२३ रोजी रात्री, अतिवृष्टीत, वरचा डोंगर वाडीवर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले. २३ जुलैस शोधकार्य थांबले तेव्हा ५७ माणसे बेपत्ता होती. वाडीस गाडीरस्ता नव्हता. यंत्रे वर चढेनात, म्हणून कुदळ-फावड्यांनी माती उपसावी लागली. शासकीय पथकांबरोबर परिसरातील गिर्यारोहकही भर पावसात चढून गेले. वाचलेल्या कुटुंबांसाठी पुढे चौकजवळ नवी घरे बांधण्यात आली.

दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचे नाव नव्हते. डोंगरापलीकडे आंबेगाव तालुक्यात माळीण ३० जुलै २०१४ रोजी गाडले गेले व १५१ माणसे दगावली. महाड तालुक्यातील तळिये येथे २२ जुलै २०२१ रोजी ऐंशीहून अधिक बळी गेले. तिन्ही घटना जुलैतीलच. तेव्हा यादीत नाव नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. घरामागील उतारावर नवी भेग दिसणे, झऱ्याचे पाणी अकस्मात गढूळ होणे किंवा नव्याच जागी पाणी फुटणे, झाडे व कुंपणाचे खांब एका बाजूस कलणे, दार-खिडक्या एकाएकी घट्ट बसू लागणे, ही लक्षणे आढळताच तहसील कार्यालयास कळवावे आणि उत्तराची वाट न पाहता त्या रात्रीपासून माणसे व गुरे हलवावीत. सतत जोराचा पाऊस असेल तर लक्षण दिसेपर्यंतही थांबू नये.

पाहुण्यांच्या नोंदीचे महत्त्वही येथेच आहे. दरड कोसळल्यावर शोध घेणाऱ्यांपुढचा पहिला प्रश्न असतो, त्या रात्री कोणत्या घरात किती माणसे झोपली होती. कोणी खाली नातेवाइकाकडे गेलेला असतो, मुले आश्रमशाळेत असतात, आणि पाहुण्याचे तर नावही कोणास ठाऊक नसते. यासाठी साधी वही पुरेशी आहे: नाव, गाव, नातेवाइकाचा फोन आणि मुक्कामाचे घर, असे चार रकाने. दिवेलागणीच्या सुमारास वाडीतील एखाद्या शिकलेल्या मुलीने किंवा मुलाने ती भरावी. पानाचे छायाचित्र मोबाइलवरून पोलीस पाटलाकडे पाठवावे, आणि जेथे वरून फोन लागत नाही तेथे मुक्कामाची यादी पाहुण्यांनी वर चढण्यापूर्वीच पायथ्याच्या गावी लिहून ठेवावी.