मुस्तफा अजून खेळता येतो

जुन्या कॉम्प्युटर गेमच्या पुनरुज्जीवनावर लिहिणाऱ्यांचा सगळा जीव चित्रांत अडकलेला असतो. रिझोल्यूशन वाढले, रंग उजळले, की यांच्या लेखी गेम जिवंत झाला. या मताशी मी बरीच वर्षे भांडत आलो आहे. पूर्वी एका यंत्रासमोर खांद्याला खांदा लावून खेळणारी माणसे आज दोन गावांतून तोच गेम त्याच वेगाने खेळू शकतात का, एवढेच मी विचारतो.

एकट्याने खेळायच्या गेमची सोय जुने गेम नव्या यंत्रावर चालवणाऱ्या प्रोग्रामनी केव्हाच केली. 1997 मध्ये निकोला साल्मोरिया यांचे मेम आले, 2001 मध्ये स्कमव्हीएम, 2002 मध्ये डॉसबॉक्स. 2020 अखेर फ्लॅश बंद पडले तेव्हा त्यातले गेम चालवायला रफल आणि फ्लॅशपॉइंट हजर होते. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या मूळ कोडच्या हरवलेल्या फ्लॉप्या त्याचे कर्ते जॉर्डन मेकनर यांच्या वडिलांना 2012 मध्ये सापडल्या, ही कथाही आता सगळ्यांना पाठ आहे. पुढे जाऊ.

खरी बुद्धी लागली ती जोडखेळाला. नवेगाव बांधला माझा कॉम्प्युटर क्लास होता तेव्हा संध्याकाळची बॅच सुटली की पोरे हबला जोडलेल्या मशीनवर एज ऑफ एम्पायर्स टू लावायची. लोडशेडिंगने डाव अर्ध्यात मोडायचा, तरी कुणी उठत नसे. 1999 चा हा गेम शेकडो सैनिक 28.8 केबीपीएसच्या मोडेमवरून कसे हाकत असे? सैनिक तारेतून जातच नव्हते. जायचे फक्त हुकूम, आणि तेच युद्ध प्रत्येक मशीन स्वतः मांडायचे. त्या गेमवर काम केलेल्या पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी 2001 मध्ये हे लिहून ठेवले आहे. हुकमाला पाव सेकंद उशीर झाला तरी खेळाडूला जाणवत नाही, असे त्यांना आढळले होते. म्हणून 2019 ची डेफिनिटिव्ह एडिशन आली तेव्हा डाव पूर्वीसारखाच रंगला, आणि 2022 मध्ये त्यात बंगाली, द्रविड, गुर्जरही उतरले.

मारामारीच्या गेमला पाव सेकंद परवडत नाही. भाऊबीजेनंतर आमच्या झाडीपट्टीत मंडईची नाटके सुरू होतात. जुनी संहिता नव्या नटांनी केली तर लोक पडद्याच्या रंगाला दाद देत नाहीत, उत्तराला प्रत्युत्तर वेळेवर पडले की देतात. स्ट्रीट फायटरचे तसेच आहे. सेकंदाला 60 चौकटी, म्हणजे एका चौकटीला जेमतेम 16 ते 17 मिलीसेकंद. इथून मुंबईच्या खेळाडूपर्यंत जाऊन यायला 100 मिलीसेकंद लागले तर सहा चौकटी गेल्या; तेवढ्यात ठोसा बसलेला असतो.

यावर टोनी कॅनन यांनी 2006 मध्ये जीजीपीओ काढले, आणि माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत मोठे काम तेच. समोरच्याचे बटण पोचायची वाट न पाहता गेम अंदाज बांधतो: मघाशी जे दाबले होते तेच आताही दाबलेले असेल. माणसाची बोटे दर चौकटीला बदलत नाहीत, त्यामुळे अंदाज बहुतेकदा बरोबर येतो. चुकला तर गेम साठवलेल्या स्थितीवर मागे जातो आणि मधल्या चौकटी डोळ्याला कळायच्या आत पुन्हा चालवतो. जुन्या गेमची अख्खी स्थिती इतकी लहान असते की आजच्या साध्या लॅपटॉपलाही हे सहज जमते. 2019 मध्ये कॅनन यांनी तो कोड सर्वांसाठी खुला केला.

जुने गेम ऑनलाइन जोडीने खेळायच्या फाइटकेड या मंचावर हेच तंत्र चालते. तिथे खेळता येणारा कॅपकॉमचा 1993 चा ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ गेम पार्लरमध्ये त्या नावाने कुणी ओळखला नाही. आपल्याकडे तो मुस्तफा. मूळ कॉमिकच्या हक्कांच्या गुंत्यात तो असा अडकला की घरच्या कन्सोलवर अधिकृतपणे कधी आलाच नाही. त्याला जिवंत ठेवले ते हौशी लोकांनी.

जुन्या गेमच्या पुनरुज्जीवनात महाराष्ट्रही आहे. 1980 च्या पॅक-मॅनचा बांदाई नामकोचा अधिकृत मोबाइल गेम पुण्याच्या सुपरगेमिंगच्या तंत्रावर चालू लागला, याचा मला अभिमान वाटतो. पण 1999 मध्ये मुंबईत सुरू झालेल्या इंडियागेम्सचे बटणांच्या फोनवरचे जावा गेम कोण जपतो आहे? अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के आज बाजारात मिळत नाहीत, असे तिथल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने 2023 मध्ये मोजले. आपण मोजायलाही बसलेलो नाही.

आणि आजचे गेम? बहुतेकांत लॅनची सोयच नाही. कंपनीने सर्व्हर बंद केला की पैसे मोजून घेतलेला गेमही संपतो. 31 मार्च 2024 ला द क्रू असाच गेला. सर्व्हर बंद करणाऱ्याने त्याचा कोड खेळाडूंच्या हाती द्यावा, असा कायदा व्हायला हवा.

तोवर आपल्या हातातले तरी करा. घरी राइट केलेल्या सीडीचा रंगथर कालांतराने खराब होतो. या दिवाळीत माळ्यावरच्या सीड्या आणि फ्लॉप्या खाली काढा, त्यांची इमेज करून दोन ठिकाणी ठेवा, आणि आवृत्ती क्रमांक लिहायला विसरू नका. दोन्हीकडे एकच आवृत्ती नसेल तर जोडखेळ सुरूच होत नाही.