तासाला तीस मिलिलिटर

ऐन दिवाळीत, फराळाचे ताट पुढे असताना लघवीचा विषय काढणाऱ्या माणसाला कोणी शहाणा म्हणणार नाही. पण अतिदक्षता विभागात माझे अर्धे आयुष्य गेले. आणि तिथे या पिवळ्या पाण्याइतकी आम्ही दुसऱ्या कशाचीच वाट पाहत नाही. तेव्हा वाचकांनी क्षमा करावी.

एक निवृत्त शिक्षक आमच्याकडे आले. वय 68, वजन 60 किलो. न्यूमोनियाचे विष अंगात भिनलेले, रक्तदाब कोसळलेला. त्यातच घरी पाच दिवस ताप-गुडघेदुखीवर वेदनाशामक गोळ्या चाललेल्या. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मूत्रपिंडांकडे जातो. रक्तदाब पडला की त्यांची उपासमार होते. आणि या गोळ्यांनी त्यांच्याकडे रक्त नेणाऱ्या बारीक वाहिन्या आणखी आवळतात. दुष्काळात तेरावा महिना!

मूत्रपिंडाचे हे दुखणे बहुधा मुके असते. ना ठणका, ना कळ. म्हणून आम्ही दोन गोष्टी मोजतो : लघवी आणि रक्तातले क्रिएटिनिन. 2012 साली ठरलेल्या मोजपट्टीच्या तीन पायऱ्या आहेत. वजनाच्या दर किलोमागे तासाला अर्धा मिलिलिटर एवढीही लघवी 6 तास झाली नाही, तर पहिली. 12 तास झाली नाही, तर दुसरी. आणि 12 तास मुळीच झाली नाही, तर तिसरी. क्रिएटिनिन मूळच्या दीडपट झाले तर पहिली, दुप्पट झाले तर दुसरी, तिप्पट झाले तर तिसरी. गुरुजींचा हिशेब तासाला 30 मिलिलिटर, म्हणजे चहाचे सहा चमचे! दुसऱ्या दिवशी तेवढेही येईना. क्रिएटिनिन 1 वरून 2.4 वर गेले. तिसऱ्या दिवशी 3.2. तिसरी पायरी.

थोरला मुलगा म्हणाला, "डॉक्टर, डायलिसिसचे मशीन समोर दिसते आहे. मग लावत का नाही? पैशांचा विचार करू नका."

त्याचे काय चुकले? 1945 साली हॉलंडमध्ये डॉ. कोल्फ यांनी अशाच यंत्रावर 67 वर्षांच्या एका बेशुद्ध बाईंना वाचवले, तेव्हापासून लोकांना त्याचा भरवसा आहे. पण यंत्र मूत्रपिंड बरे करत नाही; ते बरे होईपर्यंत त्याची चाकरी करते. 2020 साली सुमारे 3000 रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. घाईने यंत्र लावून अधिक माणसे वाचली नाहीत; उलट वाचलेल्यांपैकी 90 दिवसांनंतरही यंत्रावरच राहिलेले रोगी त्या गटात जास्त निघाले.

मी त्याला म्हणालो, "पोटॅशियम आवरेना, रक्तातले आम्ल वाढत गेले, किंवा फुप्फुसांत पाणी भरले, तर रात्री दोन वाजता लावीन. तोवर नाही."

थांबणे म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. वेदनाशामक बंद केली. रक्तदाब औषधाने सावरला. सलाईन मोजूनमापून दिले. कारण कमी पडले तर मूत्रपिंड सुकते, जास्त झाले तर फुप्फुस बुडते. प्रतिजैविकांचे प्रमाण बेताचे केले.

चौथ्या रात्री पोटॅशियम 5.8 झाले. औषधे सुरू केली आणि यंत्रही सज्ज करायला सांगितले. खरे सांगतो, त्या रात्री माझा धीर सुटत चालला होता. मुलाला दिलेला शब्द चुकीचा तर नव्हता?

तीन वाजता सिस्टर पिशवीजवळ वाकल्या. "सर, या तासाला 20." मग 35. उजाडताना 60! पोटॅशियमही उतरू लागले. बाहेर बाकावर बसलेल्या मुलाला मी आकडा सांगितला, तेव्हा त्याने चेहरा ओंजळीत लपवला.

सगळ्यांचे असे होत नाही. पुष्कळांना यंत्र लागतेच, आणि काही जण त्यानेही वाचत नाहीत. म्हणून सांगतो : जुलाब, उलट्या किंवा जोराचा ताप असताना वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका. लघवी कमी झाली तर लाजू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. आणि अशा दुखण्यातून उठलात, तर तीन महिन्यांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासा.

गुरुजींनी तपासले. अहवाल घेऊन स्वतःच आले, आणि पिशवीत चकल्यांचा डबाही होता.